बोहोनिकी : थकलेल्या पगाराच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवरचे पोलंडचे मुस्लिम गाव

युरोपातले मुसलमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन, पॅरिस किंवा बर्लिन येते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कामधंद्यासाठी गेलेली माणसे, भाड्याच्या जागेत सुरू झालेली मशीद, असे काहीसे चित्र असते. पण पोलंडच्या पूर्व टोकाला शेतांच्या मधोमध एक छोटे गाव आहे. तिथे मुसलमान तीनशे चाळीसहून अधिक वर्षे राहत आहेत, जमीन कसत आहेत आणि त्याच मातीत दफन होत आहेत. गावाचे नाव बोहोनिकी. 2021 च्या हिवाळ्यात या गावाचे नाव जगभर गेले, तेही त्याच्या कब्रस्तानामुळे. ते का, हे समजण्यासाठी आधी गावाची गोष्ट माहीत हवी.

गाव कुठे आहे?

पोलंडच्या ईशान्येला पोडलास्ये नावाचा प्रदेश आहे. बियालिस्टॉक हे तिथले मोठे शहर आणि सोकूवका हे तालुक्याचे गाव. सोकूवकापासून काही किलोमीटरवर बोहोनिकी आहे. पुढे पूर्वेला गेले की थोड्याच अंतरावर बेलारूसची सीमा लागते. लोकवस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरे, मागे शेते, मध्ये मशीद आणि गावाबाहेर झाडीत कब्रस्तान, एवढाच पसारा. सीमेच्या आणखी जवळ क्रुशिन्यानी नावाचे याचे जोडगाव आहे. पोलंडमध्ये तातार मुस्लिमांच्या जुन्या लाकडी मशिदी आज या दोनच गावांत उरल्या आहेत.

तातार आले कुठून?

इथल्या मुसलमानांना लिपका तातार म्हणतात. ‘लिपका’ हे लिथुआनियाचे जुने तुर्की नाव. चौदाव्या शतकाच्या शेवटी लिथुआनियाचा राजा विताउतास याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील तातारांना आपल्या राज्यात वसवले. काही सत्तासंघर्षात हरून आश्रयाला आले होते, काही युद्धकैदी होते. राजाला चांगले घोडेस्वार हवे होते आणि या लोकांना सुरक्षित जागा हवी होती. 1410 च्या ग्रुनवाल्डच्या प्रसिद्ध लढाईत हे तातार राजाच्या बाजूने लढले. पुढे लिथुआनिया आणि पोलंड यांचे एकत्र राज्य झाले आणि तातार त्या राज्याचे सैनिक म्हणून राहिले. त्यांना दीन पाळण्याची मुभा होती, मशिदी बांधता येत होत्या. बदल्यात लढाईच्या वेळी घोडा आणि हत्यार घेऊन हजर व्हायचे.

म्हणजे बोहोनिकी वसले तेव्हा हे लोक नवखे नव्हते. पण त्यांचे मूळ स्थलांतरितांचेच होते, आणि या गावात ते नव्याने आले ते एका भांडणानंतर.

पगार थकला, जमीन मिळाली

सतराव्या शतकाच्या मध्यावर पोलंड सतत युद्धात होता. खजिना रिकामा. तातार पलटणींचे पगार थकत गेले, त्यातच त्यांच्या जुन्या सवलतींवरही गदा आली. शेवटी 1672 मध्ये बऱ्याच लिपका पलटणी उठल्या आणि थेट उस्मानी सुलतानाच्या बाजूला गेल्या. पण तिकडेही त्यांचे मन रमले नाही. काही वर्षांत बरेचजण परतण्याची वाट शोधू लागले.

तेव्हा पोलंडच्या गादीवर यान तिसरा सोबिएस्की होता. तो स्वतः सेनापती राहिलेला माणूस, या घोडेस्वारांची किंमत त्याला माहीत होती. त्याने परत येणाऱ्यांना माफी दिली. थकलेला पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने जमीन दिली. 12 मार्च 1679 रोजी ग्रोद्नो येथे सनद झाली. राजाच्या खासगी मालकीच्या जमिनीतून बोहोनिकी, क्रुशिन्यानी, द्राहले, मालाविचे अशा गावांत तातारांना हिस्से मिळाले. हुद्दा मोठा तर जमीन जास्त, साध्या शिपायाला कमी. अट एकच : गरज पडली की लढाईला यायचे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सनद, इनाम, चाकरीच्या बदल्यात जमीन हे शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत पानोपानी येतात. ही सनद निघाली तेव्हा महाराष्ट्रात शिवाजी महाराजांची कारकीर्द सुरू होती, हे ध्यानात घेतले की काळाचा अंदाज येतो.

चारच वर्षांनी, 1683 मध्ये, या लोकांच्या वफादारीची परीक्षा झाली. उस्मानी फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला आणि सोबिएस्की मदतीला धावला. त्याच्या सैन्यात लिपका तातार होते आणि समोरच्या उस्मानी छावणीतही क्रिमियाचे तातार होते. दोन्हीकडचे सारखेच दिसत, म्हणून पोलंडच्या बाजूच्या तातारांनी ओळख पटावी यासाठी टोपीत गवताची काडी खोवली होती, असे सांगितले जाते. त्याच मोहिमेत पारकानीच्या लढाईत सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की या तातार कर्नलने राजाचा जीव वाचवला, अशी आख्यायिका क्रुशिन्यानीत आजही सांगतात. ते गाव या कर्नललाच मिळाले होते.

तलवारीकडून नांगराकडे

1795 मध्ये पोलंडचे शेजाऱ्यांनी तुकडे केले आणि ते राज्यच नकाशावरून गेले. हा भाग आधी प्रशियाकडे आणि मग रशियाकडे गेला. ज्या राजाने जमीन दिली त्याचे राज्य गेले, तरी जमीन राहिली. तातारांच्या पुढच्या पिढ्यांतले काही झारच्या सैन्यात अधिकारी झाले, काही सरकारी नोकरीत गेले. गावात राहिले ते शेतकरी झाले. इथली जमीन काही फार कसदार नाही. रेताड माती, लांबलचक थंडी. राय आणि बटाटे ही मुख्य पिके, सोबत गुरे. शेतीला जोड म्हणून तातार कातडी कमावणे, घोड्यांचा व्यापार, भाजीपाला आणि मालवाहतूक असे धंदे करत.

प्रत्येक पिढीत वाटण्या झाल्या, हिस्से लहान झाले. कोणी जमीन विकली, कोणी शहरात गेले. ज्यांनी विकत घेतली ते शेजारचे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती शेतकरी. त्यामुळे आज बोहोनिकी पूर्ण मुस्लिम गाव नाही. मोजकी तातार कुटुंबे उरली आहेत आणि बाकीचे ख्रिस्ती शेजारी. शेतीची कामे, लग्ने, मयत अशा सगळ्याला एकमेकांकडे जाणे-येणे आहे.

लाकडाची मशीद

गावातली मशीद छोटी, चौकोनी आणि पूर्ण लाकडाची आहे. छतावर एक लहानसा घुमटीसारखा मनोरा आणि त्यावर चंद्रकोर. दुरून पाहिले तर त्या भागातल्या गावठी चर्चसारखीच वाटते. क्रुशिन्यानीची हिरव्या रंगाची मशीद तर समोर दोन मनोरे असल्याने अधिकच चर्चसारखी दिसते. कारण साधे आहे. बांधणारे सुतार स्थानिक ख्रिस्ती होते. त्यांना जसे बांधता येत होते तसे त्यांनी बांधले.

आत गेल्यावर मात्र परके वाटत नाही. मिहराब दक्षिणेकडे, कारण तिथून मक्का त्या दिशेला येते. बाजूला मिंबर, खाली गालिचे, भिंतींवर कुरआनच्या आयतींच्या चौकटी. या चौकटींना ते ‘मुहिर’ म्हणतात. बायकांची खोली वेगळी असते. मधल्या भिंतीत पडदा लावलेली फट असते, तिच्यातून खुतबा ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने बोहोनिकीच्या मशिदीत इस्पितळ थाटले होते. इमारतीचे नुकसान झाले, पण ती टिकली. 2012 मध्ये बोहोनिकी आणि क्रुशिन्यानी या दोन्ही गावांच्या मशिदी आणि कब्रस्ताने यांना पोलंडने राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

भाषा गेली, लिपी राहिली

तातारांची मूळ तुर्की बोली फार लवकर सुटली. सुरुवातीला आलेले बरेचसे पुरुष एकटे होते. त्यांनी स्थानिक बायकांशी निकाह केले आणि मुलांच्या तोंडी आईची भाषा आली. सोळावे शतक संपेपर्यंत घराघरांत बेलारूशी आणि पोलिश बोलली जाऊ लागली.

पण लिपी त्यांनी सोडली नाही. स्लाव्हिक भाषा ते अरबी लिपीत लिहू लागले. ‘किताब’ म्हणजे धार्मिक गोष्टी आणि मसाइलचे हस्तलिखित, ‘हमाइल’ म्हणजे दुआंची वही आणि ‘तफसीर’ म्हणजे अरबी आयतीखाली ओळीओळीने लिहिलेला भाषेतला अर्थ, अशी त्यांची हस्तलिखिते आजही जपलेली आहेत. मिन्स्कच्या तफसीरची 1686 ची प्रत प्रसिद्ध आहे. त्यात कुरआनचा अर्थ पोलिश भाषेत, पण अरबी अक्षरांत लिहिला आहे.

उर्दू शिकवणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. अरबीत ‘प’, ‘च’ असे आवाज नाहीत. तातारांनी त्यासाठी फारसीकडून ‘पे’ आणि ‘चे’ घेतले. तेवढ्याने भागेना, तेव्हा जुन्या अक्षरांवर नुक्ते वाढवून ‘त्स’ आणि ‘द्झ’ या स्लाव्हिक आवाजांसाठी नवी अक्षरे तयार केली. आपल्याकडे उर्दूनेही ‘ट’ आणि ‘ड’साठी जुन्या अक्षरांवर खूण वाढवून अशीच नवी अक्षरे तयार केली. केरळमधली अरबी-मलयाळम आणि तमिळनाडूतली अरवी यांचीही हीच कहाणी. बोली मातीची, लिपी दीनची, असा मेळ मुसलमानांनी जागोजागी घातला आहे.

आडनावांतही हा मेळ दिसतो. अहमदच्या वंशजांचे आडनाव झाले आख्मातोविच, हसनच्या वंशजांचे असानोविच. ‘विच’ हा स्लाव्हिक प्रत्यय, आधीचे नाव आपल्या ओळखीचे. बियालिस्टॉकच्या हजेरीपटावर असे आडनाव वाचले तर शिक्षकाला मूल पोलिशच वाटेल, आणि ते असतेच. घरी त्याच्या कानात अजान देऊन ठेवलेले नाव वेगळे असू शकते.

ईद, सदका आणि स्वयंपाक

रोजच्या पाच वेळेच्या जमातीला गावात माणसे पुरत नाहीत. पण रमजान बैराम आणि कुर्बान बैराम म्हणजे आपली रमजान ईद आणि बकरी ईद आली की बियालिस्टॉक, वॉर्सा, ग्दान्स्कपासून कुटुंबे गाड्या भरून येतात. नमाज होते, मग सगळे कब्रस्तानात फातिहाला जातात.

त्यांच्याकडे ‘सादोगा’ नावाची पद्धत आहे. शब्द ऐकताच कळेल की हा आपला सदका. सणाला आणि दफनानंतर लोक मिठाई, बिस्किटे, फळे, हलवा वाटतात. शेजारच्या ख्रिस्ती मुलांनाही मिळते. खाण्यात सर्वांत प्रसिद्ध ‘पिएरेकाचेव्हनिक’. पिठाचे अगदी पातळ पापुद्रे एकावर एक ठेवून, मध्ये खिमा घालून गोगलगायीसारखी गुंडाळी करतात आणि भट्टीत भाजतात. 2009 मध्ये युरोपियन युनियनने या पदार्थाची पारंपरिक खासियत म्हणून नोंद केली.

सगळेच गोड नाही. 1 जानेवारी 2013 पासून पोलंडमध्ये जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी आली आणि धार्मिक कुर्बानीही तिच्यात सापडली. त्या वर्षीच्या बकरी ईदला बोहोनिकीत प्राणीहक्क कार्यकर्ते विरोध करायला आले. तीनशेहून अधिक वर्षे जे गावात शांतपणे चालत होते, ते एकाएकी बातमीचा विषय झाले. डिसेंबर 2014 मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायालयाने ही बंदी धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. त्याच वर्षी जूनमध्ये क्रुशिन्यानीच्या मशिदीवर आणि कबरींवर कोणीतरी रात्रीतून अपमानास्पद चित्रे रंगवली होती. शेजारपाजाऱ्यांशी संबंध चांगले असले तरी देशातल्या हवेपासून गाव सुटत नाही, हे त्या दोन वर्षांत दिसून आले.

सरकलेल्या सीमा

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. 1925 मध्ये विल्नियस येथे पोलंडची मुस्लिम धार्मिक संघटना स्थापन झाली आणि याकुब शिन्कियेविच पहिले मुफ्ती झाले. 1936 मध्ये सरकारने कायदा करून या संघटनेला मान्यता दिली. तेव्हा देशात सुमारे साडेपाच हजार तातार आणि 19 जमाती होत्या. 1939 मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा पोलिश घोडदळात तातारांची स्वतंत्र तुकडी होती. अलेक्सांदर येलियाशेविच तिचा कप्तान होता.

युद्ध संपले आणि सीमा पश्चिमेकडे सरकली. मशिदी आणि कब्रस्ताने असलेली बहुतेक तातार गावे सोव्हिएत संघात गेली. कितीतरी कुटुंबांनी घर, शेती, कबरी मागे सोडून पोलंडच्या पश्चिम भागात नव्याने संसार मांडले. फाळणीच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्या तातार मशिदींपैकी पोलंडच्या हद्दीत राहिल्या त्या बोहोनिकी आणि क्रुशिन्यानीच्या दोनच. म्हणून या छोट्या गावांना त्यांच्या आकारापेक्षा मोठे महत्त्व आले. ज्यांचे स्वतःचे गाव सीमेपलीकडे राहिले, त्यांनी बोहोनिकीलाच आपले गाव मानले आणि आपले मुर्दे इथे आणू लागले.

मिझार : गावाबाहेरचे कब्रस्तान

कब्रस्तानाला तातार ‘मिझार’ म्हणतात. आपला मजार शब्द तोच. बोहोनिकीचा मिझार पोलंडमधल्या मुस्लिम कब्रस्तानांत सर्वांत मोठा मानला जातो. उंच झाडांखाली कबरी आहेत. जुन्या कबरींना डोक्याकडे मोठा आणि पायाकडे लहान दगड असतो. दगडांवर चंद्रकोर-तारा, वर कलमा अरबीत, खाली नाव पोलिश किंवा रशियन भाषेत. ज्या काळात ज्याचे राज्य, त्याची भाषा दगडावर. काही नव्या कबरींवर मरहूमांचे फोटोही लावलेले दिसतात. आपल्याकडच्या माणसाला ते खटकेल, पण शेजारच्या रीतीतून ते आले आहे.

2021 च्या उन्हाळ्यात सीरिया, इराक, येमेन, अफगाणिस्तान इथली माणसे बेलारूसमार्गे युरोपात शिरण्यासाठी या सीमेवर येऊ लागली. बेलारूसचे सैनिक त्यांना पुढे ढकलत आणि पोलंडचे सैनिक मागे. सप्टेंबरमध्ये पोलंडने सीमेलगतच्या पट्ट्यात आणीबाणी लावली. पत्रकारांना आणि मदत संस्थांना आत जाता येईना. मधल्या जंगलात आणि दलदलीत लोक अडकले. थंडी वाढली तशी माणसे मरू लागली.

परक्या देशात, कागदपत्रांशिवाय मेलेल्या मुसलमानाचा जनाजा कोण उचलणार? बोहोनिकीच्या तातारांनी ती जबाबदारी घेतली. 15 नोव्हेंबर 2021 च्या संध्याकाळी इथे पहिले दफन झाले. मयत होता बूग नदीत बुडालेला सीरियाचा 19 वर्षांचा तरुण. गावातले थोडे लोक आणि इमाम होते. त्याच्या घरच्यांनी दफनविधी मोबाइलवरून पाहिला. त्यानंतर आठवड्याभरात येमेनच्या एका माणसाला इथे माती मिळाली. मग एका इराकी कुर्द आईच्या पोटातच गेलेल्या बाळाला. ती आई जंगलात सापडली होती. काही दिवसांनी इस्पितळात तीही गेली. पुढे आणखी मुर्दे येत राहिले. काहींची ओळखही पटलेली नव्हती.

त्याच दिवसांत गावातल्या बायका सीमेवर पहारा देणाऱ्या सैनिकांसाठी सूपचे डबे भरून पाठवत होत्या. बाहेरच्याला यात विसंगती वाटेल. तातारांना वाटली नाही. सैनिक त्यांच्या देशाचे होते, त्यांच्याच पूर्वजांनी या देशासाठी तलवार धरली होती. आणि जंगलात मेलेला माणूस कलमागो होता. त्याला गुसल, कफन आणि नमाज-ए-जनाजा मिळणे हा जिवंत मुसलमानांवर फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काही लोकांनी तो पूर्ण केला तर सगळ्यांवरून उतरतो, कोणीच केला नाही तर सगळेच गुनहगार. पोलंडच्या त्या कोपऱ्यात ते ‘काही लोक’ म्हणजे बोहोनिकीचे तातार.

जून 2022 पर्यंत पोलंडने या सीमेवर 186 किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभी केली.

आज

पोलंडमध्ये स्वतःला तातार म्हणवणारे आज काही हजारच आहेत. बरीच कुटुंबे बियालिस्टॉकमध्ये राहतात, मुले शहरात शिकतात, अरबी वाचायला इमामांकडे किंवा शिबिरात जातात. बोहोनिकीतली शेते अजून पिकतात, पण कसणारे हात कमी झाले आहेत. गावाला आता पर्यटकांचाही थोडा आधार आहे. मशीद पाहायला शाळांच्या सहली येतात, तातार जेवण मिळते, आणि पोलिश मुलांना कळते की इस्लाम त्यांच्या देशात काल आलेला नाही.

मिझारमध्ये गेले की जुन्या दगडांजवळ काही साध्या, अलीकडच्या कबरी दिसतात. मातीचा उंचवटा, बाजूने रचलेले दगड, नाव असेल तर नाव. ज्यांच्या वाडवडलांना थकलेल्या पगारापोटी ही जमीन मिळाली होती, त्यांनी तिच्यातली काही हात जागा अशा लोकांना दिली ज्यांच्याकडे देण्यासारखे काहीच उरले नव्हते. ईदच्या नमाजनंतर गावकरी फातिहाला कब्रस्तानात जातात, तेव्हा आता या कबरीही त्यांच्या वाटेवर असतात.